अंडं महाग, शुक्राणू फुकट, आणि मधला सगळा खर्च?

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. मागच्या वेळी विषय होता घरकामाची वाटणी, आणि अर्ध्या तासात गाडी थेट जीवशास्त्रावर जाऊन धडकली. एक निवृत्त काका, वाचन दांडगं, ठामपणे म्हणाले की बाईचं अंडं महाग, महिन्याला एक, पुरुषाचे शुक्राणू कोट्यवधी आणि फुकटात, त्यामुळे बाईने पारखून घर धरायचं आणि पुरुषाने हिंडायचं हे निसर्गाने ऊर्जेच्या हिशोबात कधीच ठरवून टाकलंय, आपण कोण बदलणारे. त्यावर कॉलेजातली एक मुलगी तडकलीच, मग समुद्रघोड्याचा नर पोटातल्या पिशवीत पिल्लं वाढवतो त्याचं काय, क्लाउनफिश नराचा मादी होतो त्याचं काय, निसर्गात काहीसुद्धा ठरलेलं नसतं काका! टाळ्या पडल्या, चहा आला, विषय संपला. मी झूलॉजीत एमएस्सी केलेली बाई (पुढे बँकेत चिकटले ते सोडा), मला दोघांचंही पटलं नाही आणि चार जिने चढेपर्यंत नुसती चिडचिड होत राहिली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ऊर्जेचा हिशोब खराच असतो. काही प्राण्यांत नर-मादी वेगळे का, काहींत एकाच शरीरात दोन्ही का, पिल्लं कोण सांभाळतं, लिंग कोण आणि कधी बदलतं, यातलं खूप काही खर्च आणि परतावा या भाषेत छान उलगडतं. पण काका त्या बिलातली पहिली ओळ वाचून उठतात, आणि ती मुलगी बिलच फाडून टाकते. पूर्ण बिल वाचलं तर दिसतं की बेरीज जागेनुसार बदलते, खायला किती आहे, जोडीदार किती लांब आहे, मोठं होण्याचा फायदा कुणाला जास्त आहे यावर बदलते, कधीकधी तर एकाच जातीत एका हंगामात उलटी होते. बदलते म्हणजे वाट्टेल तशी बदलते असं मात्र नाही.

काकांच्या बाजूने जेवढं खरं आहे ते आधी मान्य करते, कारण ते कमी नाहीये. दोन प्रकारच्या जननपेशी असणं, एक मोठी अन्न भरलेली आणि एक बारकी पळणारी, याला पक्कं गणित आहे. जेफ पार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवलं की मधल्या आकाराच्या पेशी टिकत नाहीत. ना त्यांची संख्या भरपूर, ना शिदोरी पुरेशी. म्हणून दोन टोकं उरतात. त्याआधी १९४८ मध्ये अँगस बेटमनने फळमाश्यांवर, म्हणजे पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावतात त्या चिलटांवर, प्रयोग करून म्हटलं की नराला जेवढे जास्त जोडीदार तेवढी जास्त पोरं, मादीचं तसं नाही. १९७२ मध्येच रॉबर्ट ट्रिव्हर्सने त्यावर पालकांच्या गुंतवणुकीचा सिद्धांत उभा केला, जो जास्त गुंतवतो तो पारखून घेतो आणि जो कमी गुंतवतो तो मारामारी करतो. आता बेटमनचा प्रयोग कच्चा होता, २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटीच्या टीमने तो परत करून बघितला तर त्याची पोरं मोजायची पद्धतच गंडलेली निघाली. आई-बाप ओळखायला त्याने खुणा म्हणून वापरलेले जनुकीय दोष एकाच पिल्लात एकत्र आले की ती पिल्लं मरायची, आणि त्याच्या आकडेवारीत बापांच्या नावावर पोरं जास्त आणि आयांच्या नावावर कमी दिसत होती, जे शक्यच नाही, प्रत्येक पोराला एक आई आणि एक बाप असतोच. पण म्हणून निष्कर्षही खोटा ठरतो का? नाही. २०१६ मध्ये ६६ जातींची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा सरासरी कल बेटमन म्हणाला त्याच दिशेचा निघाला. समुद्रघोडा किंवा कमळपक्षी (त्यातही पिल्लं नर सांभाळतो, पुढे येईलच) दाखवून हा कल पुसता येत नाही.

मग माझा आक्षेप कुठे आहे? हा कल 'अंडं महाग' म्हणून येतो, या वाक्यावर. २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, प्रजननाला एकूण ऊर्जा किती लागते याचा. सस्तन प्राण्यांत पिल्लाच्या शरीरात प्रत्यक्ष जाते ती ऊर्जा एकूण खर्चाच्या जेमतेम १० टक्के, बाकी ९० टक्के नुसती ते पिल्लू पोटात वागवण्याचा चयापचयाचा भार. माणसात तर अप्रत्यक्ष खर्च ९६ टक्क्यांच्या आसपास, आणि एका गरोदरपणाचा एकूण हिशोब जवळजवळ ५०,००० किलोकॅलरी. म्हणजे बाईवरचा भार आपण समजत होतो त्यापेक्षा मोठा निघाला, काका खूश होतील. पण त्या बिलात अंड्याची किंमत शोधा बरं. लग्नाच्या खर्चात पत्रिकेवर लावलेल्या हळदकुंकवाची असेल तेवढी. भार आहे तो पोटात वाढवण्याचा, आणि पोटात वाढवणं ही सस्तन प्राण्यांची सोय आहे, अंड्याच्या आकारातून आपोआप निघणारा नियम नव्हे. समुद्रघोड्यातही अंडं मादीचंच मोठं असतं ना? तरी पोट नराचं.

आता दुसरी बाजू, शुक्राणू फुकट. गंमत बघा, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या उलटं सांगत आलेत, रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब, जपून वापरा, ब्रह्मचर्य पाळा. तिकडे जीवशास्त्रवाल्यांनी सांगितलं काहीच पडत नाही. दोघांनीही तराजू न लावताच भाव सांगितला. स्वीडनमधल्या ॲडर सापांचा, आपल्या घोणसाच्या लांबच्या भाऊबंदांचा, १९९७ मध्ये अभ्यास झाला तेव्हा दिसलं की हिवाळी झोपेतून उठल्यावर नर काही आठवडे न हिंडता न खाता नुसते पडून शुक्राणू बनवतात, आणि त्या काळात त्यांचं वजन पुढे माद्यांच्या मागे फिरताना उतरतं तेवढ्याच वेगाने उतरतं. ड्रोसोफिला बायफर्का नावाची एक चिलटाएवढी माशी आहे, तिच्या नराचा एक शुक्राणू उलगडला तर ५.८ सेंटीमीटर भरतो, माशीच्या अंगाच्या जवळजवळ वीसपट. अर्थात त्याचे शुक्राणू कोट्यवधी नसतात, परवडणारच नाहीत. काही वटवाघळांत वृषणांचं वजन शरीराच्या ८ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पाच किलो, करा कल्पना. एक शुक्राणू स्वस्त असेलही, पण नर कधी एक शुक्राणू देत नाही, साखरेचा दाणा स्वस्त म्हणून पोतं फुकट मिळत नाही तसं.

आणि शुक्राणू म्हणजे नराचा सगळा खर्च थोडाच? एलिफंट सील या समुद्री सस्तन प्राण्याचा दांडगा नर विणीच्या हंगामात तीन-तीन महिने किनारा सोडत नाही, काही खात नाही, नुसता दुसऱ्या नरांशी भांडतो आणि एक तृतीयांशाहून जास्त वजन घालवून बसतो. (मादीही जवळजवळ चार आठवडे उपाशीपोटी दूध पाजते, तिचीही चरबी अशीच वितळते, पण तिच्या खर्चाला आपण 'आईची माया' म्हणतो आणि त्याच्या खर्चाला 'मर्दानगी', हिशोबाच्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात.) ऑस्ट्रेलियातला अँटेकायनस, उंदराएवढा पिशवीवाला प्राणी, त्याचे सगळेच्या सगळे नर पहिल्या हंगामात समागमाच्या ताणाने काही आठवड्यांत मरून जातात, वर्षही पुरं होत नाही, माद्या मागे उरतात. हा नर 'फुकट'वाला का? आपल्या कोकणातला धनेश पक्षी घ्या. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला आणि नंतर पिल्लांनाही आठवडेच्या आठवडे फळं भरवत राहतो. तो नर हिंडतो हो काका, खूप हिंडतो, पण उंबर-वडाची फळं आणायला.

यावर हुशार वाचक म्हणेल की ठीक आहे, पण सुरुवातीला मादीने जास्त घातलेत म्हणून ती सोडून जाणार नाही, नर जाईल. हा युक्तिवाद ट्रिव्हर्सच्या मूळ मांडणीतही डोकावतो आणि तो पहिल्यापासून लंगडा आहे. आपल्याकडे दुष्काळी भागात कुणालाही विचारा. बोअरला तीनशे फुटांवर पाणी नाही लागलं, दोन लाख गेले, आता गेलेत म्हणून अजून दोन लाख घालायचे का? गेलेले पैसे गेले, पुढच्या शंभर फुटात पाणी लागण्याची शक्यता किती हा प्रश्न आहे. रिचर्ड डॉकिन्स आणि टॅमसिन कार्लाइल यांनी १९७६ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं, आधी किती घातलं यावर पुढचं वागणं ठरत नाही, पुढचा खर्च कुठे केला तर जास्त पदरात पडेल यावर ठरतं. आणि 'पुढे कुठे जास्त पडेल' याचं उत्तर अंड्याच्या आकारात नसतं, ते बाहेर असतं, रानात, पाण्यात, त्या वर्षीच्या पावसात.

याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा एका नाकतोड्याचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात कवानाफिला नावाचे लांब मिशांचे नाकतोडे फुलांच्या परागांवर जगतात. त्यांचा नर समागमाच्या वेळी शुक्राणूंसोबत पौष्टिक ऐवजाचा एक गोळा मादीला देतो आणि ती तो खाऊन टाकते. डॅरिल ग्विन आणि ली सिमन्स यांनी १९९० मध्ये या नाकतोड्यांना कधी भरपूर खायला दिलं, कधी तोटा ठेवला. पराग भरपूर असताना सगळं पुस्तकातल्यासारखं, नर हाका मारतात, माद्या पारखून घेतात. पराग कमी झाले की चित्र उलटं! नराला तो गोळा बनवायला जड जातं म्हणून तयार नर कमी, उपाशी माद्यांना तर तो गोळा म्हणजे जेवण, मग माद्या एकमेकींशी झटापट करतात आणि नर पारखून घेतात. तीच जात, तीच अंडी, तेच शुक्राणू, फक्त ताटात काय पडलं एवढाच फरक. अमेरिकेतल्या मॉर्मन क्रिकेटमध्येही (हाही नाकतोड्यासारखाच कीटक) तसंच, गोळा नराच्या वजनाच्या पाव भागाएवढा, आणि नर हलक्या माद्यांना चक्क नाकारतात कारण जड मादीच्या पोटात अंडी जास्त. (गावाकडे हल्ली नोकरी नसलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही त्याची तुलना इथे करायचा मोह होतोय, पण ज्या चुकीवर लेख लिहितेय तीच करायला नको.) आता सांगा, 'निसर्गाने ठरवलंय' म्हणजे नेमकं कुठल्या महिन्यात ठरवलंय?

कमळपक्षी तर आपल्याकडचाच, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जाऊन बघता येतो. मादी मोठी आणि भांडखोर, एका हंगामात तीन-चार नरांना प्रत्येकी चार-चार अंडी देऊन मोकळी, उबवणं-सांभाळणं नराकडे. पिल्लं बाहेर पडल्यापडल्या स्वतः चालतात-टिपतात त्यामुळे एक पालक पुरतो, तरंगत्या पानांवरची घरटी सारखी बुडतात त्यामुळे पटकन दुसरी अंडी घालता येण्याला किंमत. विक्षिप्तपणा वगैरे काही नाही, तोच खर्च-परतावा, फक्त तलावाच्या दराने.

इथे थोडं इतिहासात जाऊन यावं लागेल, कारण ऊर्जेचा दाखला देऊन बायकांना जागा दाखवण्याचा उद्योग काही काकांनी सुरू केलेला नाही. १८७३ मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरने अख्खं पुस्तक लिहिलं की शरीरातली ऊर्जा ठरावीकच असते, वयात येणाऱ्या मुलींनी ती अभ्यासात घालवली तर गर्भाशयाला कमी पडेल, सबब मुलींना मुलांसारखं शिकवू नका. मुली शिकल्या, गर्भाशयांना काही झालं नाही. १८८९ मध्ये पॅट्रिक गेडिस आणि आर्थर थॉमसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञांनी मांडलं की मादी म्हणजे साठवणारा चयापचय आणि नर म्हणजे उधळणारा, आणि पुढे अशा अर्थाचं वाक्यही टाकलं की आदिम एकपेशीय जिवांत जे ठरून गेलंय ते पार्लमेंटच्या कायद्याने रद्द होत नसतं. रोख बायकांच्या राजकीय हक्कांवर होता. ब्रिटनच्या पार्लमेंटने पुढे १९१८ मध्ये काही बायकांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना मत दिलं, एकपेशीय जिवांची तक्रार आली नाही. हे गेडिस म्हणजे तेच, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले, ज्यांच्यानंतर ती जागा समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. माणूस मोठा, नगररचनेत तर फारच मोठा, आणि बायकांना तुच्छ लेखणाराही नव्हता. म्हणूनच तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चांगला अभ्यासू माणूस एका ओळीचं बिल हातात घेऊन थेट संसदेपर्यंत कसा जातो त्याचं हे उदाहरण आहे.

आता त्या मुलीकडे येते, कारण तिला टाळ्या मिळाल्या म्हणून तिचं बरोबर ठरत नाही. क्लाउनफिश लिंग बदलतो म्हणून निसर्गात काही ठरलेलं नाही, असं? उलट आहे बाई. लिंगबदल ही ऊर्जेच्या हिशोबाची सगळ्यात काटेकोर जागा आहे. एका समुद्रफुलात (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) राहणाऱ्या टोळीत सगळ्यात मोठी ती मादी, दोन नंबरचा नर, बाकीचे रांगेत, मादी मेली की नर मादी होतो आणि रांग एक घर पुढे सरकते. यात स्वातंत्र्य कुठे दिसलं तुला? सरकारी खात्यातली सिनिऑरिटी लिस्ट आहे ती. उभयलिंगी प्राण्यांचंही तेच. कीटक सोडले तर प्राण्यांच्या साधारण तीन जातींतली एक उभयलिंगी आहे, आपलं गांडूळ घ्या, मराठवाड्यात सोयाबीनचा फडशा पाडणारी शंखी गोगलगाय घ्या. हळू चालणाऱ्याला आयुष्यात जोडीदार भेटणार किती, मग भेटला तो आपल्या उपयोगाचा असलाच पाहिजे, आणि जादा शुक्राणू बनवून काही पदरात पडत नसेल तर तीच ऊर्जा अंड्यांत घातलेली बरी. लांब उडणाऱ्या-पळणाऱ्याला मात्र शोधाशोध आणि मारामारीच्या साधनांत सगळी गुंतवणूक एका बाजूने करणं परवडतं, तिथे नर-मादी वेगळे पडतात. आणि दोन्ही एका शरीरात असले म्हणजे समता नांदते असंही समजू नये. समुद्रातले काही चपटे कृमी, स्यूडोबायसेरॉस नावाचे, तासतासभर एकमेकांना लिंगाने भोसकायचा प्रयत्न करतात आणि स्वतःला वाचवतात, कारण ज्याला टोचलं त्याच्यावर जखम भरण्याचा आणि अंड्यांचा खर्च. म्हणजे नर-मादी काढून टाकले तरी बिल कुणी भरायचं हे भांडण शिल्लकच.

आणि लिंगबदलासाठी क्लाउनफिशपर्यंत जायची काय गरज होती, आपला जिताडा मासा आहे की! माझी मावशी खारेपाटातली, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, तिच्या दारच्या तळ्यात जिताडे सोडलेले असायचे आणि पाहुणा बघून कुठला काढायचा ते ठरायचं. मी तिला एकदा म्हटलं की मावशे, तुझे सगळे जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाले की मादी होतात. तिने माझ्याकडे असं बघितलं की फी वाया गेली. पण खरंच आहे. ऑस्ट्रेलियात याला बॅरामंडी म्हणतात, तिथल्या नद्यांत हा मासा तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून तयार होतो आणि पुढे सहा-आठ वर्षांचा, मीटरभराच्या आसपास लांबीचा झाला की बहुतेक मादी होतो. का? अंडी भरायला पोट लागतं, मोठी मादी एका वेळी लाखो-कोट्यवधी अंडी टाकते, लहान मादीला ते जमत नाही. शुक्राणू मात्र लहान अंगातही पुरेसे होतात आणि हा मासा घोळक्याने अंडी सोडतो, त्यामुळे मोठ्या नराला बाकीच्यांना हाकलून मक्ता घेता येत नाही. मोठं होण्याचा फायदा मादीला, म्हणून मोठेपणी मादी. हेकरूच्या (इंग्रजीत ग्रूपर) जातींत उलटं, तिथे मोठ्या नराला अनेक माद्यांवर हक्क सांगता येतो, म्हणून आधी मादी आणि मोठेपणी नर. अंडं दोन्हीकडे मोठंच, शुक्राणू दोन्हीकडे बारकेच!

या ज्ञानाचा खरा सार्वजनिक उपयोग कुठे असेल तर तो इथे, आणि नेमकं इथे कुणी तावातावाने भांडत नाही. आपल्याकडे मासेमारीच्या नियमांत भर आहे तो किमान आकारावर, अमुक सेंटीमीटरपेक्षा लहान मासा धरू नका. चांगलंच आहे, पिल्लं वाचतात. पण जिताड्यात मोठे-मोठे तेवढे काढत गेलं तर आपण नेमक्या माद्या काढत असतो, आणि हेकरूत मोठे काढले तर नर. मेक्सिकोच्या आखातात हेकरूच्या गॅग नावाच्या भाऊबंदात मासेमारी वाढल्यावर नरांचं प्रमाण असंच घसरलेलं नोंदवलंय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने बॅरामंडीला दोन्हीकडून कुंपण घातलंय, ५८ सेंटीमीटरच्या खालचा धरायचा नाही आणि १२० च्या वरचाही धरायचा नाही, वरचा आकडा मोठ्या माद्यांसाठी. पुढच्या कट्ट्याला मी हाच विषय सुचवलाय, खाडीतल्या जिताड्याला वरची मर्यादा असावी की नसावी. काका म्हणाले, अगं पण मोठ्या जिताड्याचीच तर चव असते.